घर भाविक, आपण नास्तिक: सोलापुरात राहून हे कसं निभवायचं

बारावी-कॉलेजच्या वयात देवावरचा विश्वास उडतो आणि नेमका त्याच महिन्यात घरी सत्यनारायण निघतो. सोलापुरात तर वर्षभर काही ना काही चालूच असतं. जानेवारीत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ, नवरात्रात रूपाभवानी, कोजागरीला तुळजापूरची पायी वाट, मधेच मोहरमचे पंजे. या सगळ्यातून अंग काढून घ्यायचं तर घर सुटतं. सगळ्याला मान डोलवायची तर आतून कुढत राहावं लागतं. पण बहुतेक भांडणं देवावरून होतच नाहीत. ती वेळ चुकल्यानं, जागा चुकल्यानं आणि काम अंगावर न घेता नुसताच नकार दिल्यानं होतात. म्हणून आधी कामाचं बोलू, तत्त्वज्ञान ओघात येईल.

आधी स्वतःचं नक्की करा

वहीत एकच वाक्य लिहा. "देव नाही असं मला वाटतं", "देव आहे की नाही हे मला ठाऊक नाही" आणि "देव असेल, पण पूजाअर्चा, नवस पटत नाहीत" ही तीन वेगळी मतं आहेत. घरातल्या वादात पोरगा तिसरं बोलतो, आत्याला पहिलं ऐकू येतं, आणि मग तासभर दोघंही वेगवेगळ्या विषयावर भांडतात. आपलं वाक्य कोणतं हे माहीत असलं की निम्मा वाद तिथंच मिटतो.

आणखी एक गल्लत टाळा. नास्तिक असणं आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणं ही दोन कामं आहेत. १९८९ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं देव मानण्याला विरोध केला नाही; शोषण, फसवणूक आणि अघोरी प्रथा हा त्यांचा विषय. डॉ. श्रीराम लागू मात्र उघडपणे देव नाकारत. तरीही ते आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावर बसत आणि आपापलं मत राखून बोलत. तुम्हाला दोन्ही करायचं असेल तर करा, पण भाविक माणसासमोर दोन्ही एकदम मांडू नका. बुवाबाजीच्या विरोधात घरातली वारकरी आजी तुमच्या बाजूनं उभी राहील. देवाच्या विरोधात राहणार नाही.

"विज्ञानानं सिद्ध केलंय की देव नाही" हे वाक्य कायमचं टाकून द्या. असं कुठलंही संशोधन झालेलं नाही. विज्ञान तपासतं ते दावे: हा ताईत ताप घालवतो का, मूर्ती दूध पिते का, या माणसाला खरंच पुढचं दिसतं का. "कुणीतरी आहे, तो मला धीर देतो" हा तसा तपासता येणारा दावाच नाही. तुम्हाला तो पटत नसेल, तर पटत नाही एवढंच म्हणा.

प्रसंगांचे चार ढीग

घरात वर्षभर येणारे प्रसंग एकदा शांतपणे वेगळे करून ठेवा.

पहिल्या ढिगात खाणंपिणं, सजावट, पाहुणे. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तिळगूळ, दिवाळीचा आकाशकंदील. यात अडवण्यासारखं काही नाही, मनापासून सामील व्हा.

दुसऱ्या ढिगात शरीराचे शिष्टाचार. आरतीला उभं राहणं, देवळात जाताना चप्पल काढणं, प्रसाद हातात घेणं, मोठ्यांच्या पाया पडणं. आमचं मत विचाराल तर यातलं जवळजवळ सगळं करावं. आरतीला गप्प उभं राहिल्यानं कुणी आस्तिक होत नाही. पाया पडणं हा तर आजोबांना केलेला नमस्कार आहे, देवाचा तिथं संबंधच नाही.

तिसरा ढीग महत्त्वाचा. इथं तुम्ही स्वतःच्या नावानं काहीतरी बोलता किंवा स्वीकारता: पूजेचा संकल्प, नवस, गंडा बांधून घेणं, गुरूकडून अनुग्रह, लिंगायत घरात इष्टलिंगाची दीक्षा. इथं नकार द्या. जो माणूस ती दीक्षा मनापासून घेतो, त्याच्या शेजारी बसून खोटा होकार देणं हा त्याच्याही श्रद्धेचा अपमान आहे, आणि ही गोष्ट भाविक माणसाला सांगितली तर पटते.

चौथ्या ढिगात कुणाच्या तरी जिवाला, पैशाला किंवा अब्रूला धोका असलेल्या गोष्टी. त्यांचं पुढे सांगतो.

तरुण माणसं चुकतात ती बहुधा दुसऱ्या ढिगात. प्रसादाचा द्रोण परत करतात, आणि घराला वाटतं यानं आपल्यालाच नाकारलं.

सत्यनारायणाला बसायला सांगितलं तर

पूजेच्या दिवशी सकाळी सांगू नका. गुरुजींची वेळ ठरायच्या आधी, निदान आठ-दहा दिवस अगोदर सांगा. आणि बैठकीत सगळ्या काकांसमोर नको. घरात खरा निर्णय ज्या माणसाचा असतो (पुष्कळदा ती आजी असते, लिंगायत घरात अव्वा), तिला स्वयंपाकघरात एकटीला गाठा. वाक्य साधं ठेवा: "अव्वा, संकल्पात माझं नाव घेऊन जे म्हणायचं असतं ते मला खरं वाटत नाही. खोटं म्हणायला नको वाटतं. दादा-वहिनी बसतील का? बाकीचं सगळं मी बघतो." या वाक्यातला शेवटचा तुकडा सगळ्यात वजनदार आहे, आणि तो पाळावा लागतो.

म्हणजे चौरंग, केळीचे खांब, विड्याची पानं, सुपाऱ्या, नारळ, तुळस, फुलं, पंचामृताचं दूध-दही-तूप-मध-साखर ही यादी गुरुजींना फोन करून तुम्ही घ्यायची आणि आदल्या संध्याकाळी सगळं आणून ठेवायचं. प्रसादाचा शिराही हातात घ्या. सव्वाच्या मापात रवा, तूप आणि साखर प्रत्येकी सव्वा किलो, पिकलेली सात-आठ केळी आणि रव्याच्या अडीच-तीन पट गरम दूध. एवढ्यात साधारण ऐंशी-नव्वद द्रोण होतात. रवा तुपात मंद आचेवर वीसेक मिनिटं, खमंग वास येऊन रंग किंचित बदलेपर्यंत भाजायचा. घाई केली की शिरा चिकट होतो. साखर आधी घातली तर रवा फुलत नाही, दाताखाली कच्चा लागतो. म्हणून दूध पूर्ण मुरल्यावरच साखर. केळी तुपात परतून घातली तर काळी पडत नाहीत. ज्या पोरानं एवढं केलं, त्याला चौरंगासमोर का बसला नाहीस असं दुसऱ्या वर्षी कुणी विचारत नाही.

वडील आजारी आहेत, बसायला दुसरं कुणीच नाही, आजी रडकुंडीला आलीय, अशी वेळ आली तर बसा. एका पूजेनं तुमचे विचार वाहून जाणार नाहीत. मात्र पाहुणे गेल्यावर निवांतपणे सांगा की हे तुमच्यासाठी केलं. नाहीतर पुढच्या वर्षीही तुम्हालाच धरलं जाईल.

गड्डा आणि तुळजापूरची वाट

गड्ड्याच्या यात्रेत नास्तिकाची अडचण सगळ्यात कमी होते, कारण तिथं कुणी कुणाची श्रद्धा विचारत नाही. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांचा तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरच्या अक्षता, होम मैदानावरचे पाळणे. अक्षता टाकायच्या की नाही हा दुसऱ्या ढिगातला प्रश्न. हवं तर टाका, नाहीतर शांत उभे राहा. घरी मात्र बोलायला एक चांगला विषय आहे. सिद्धरामेश्वर बाराव्या शतकातले, बसवण्णांच्या काळातले कन्नड वचनकार. त्यांच्या नावाचा तलाव त्यांनीच लोकांना जमवून खोदला असं परंपरा सांगते. दुष्काळी मुलखात पाण्यासाठी राबणाऱ्या माणसाबद्दल आदर वाटायला देव मानावा लागत नाही. हे आप्पांशी बोलून बघा, गप्पा तासभर रंगतील.

कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्या मावशीला "देवी काय तिथंच बसलीय का?" हे विचारू नका. ती जाणारच आहे. अंतर सुमारे ४५ किलोमीटर. तासाला चार किलोमीटर धरले तर नुसतं चालणं अकरा-साडेअकरा तासांचं, थांबे धरून चौदा-पंधरा. तुमची मदत इथं हवी. नवी चप्पल घालू देऊ नका, निदान पंधरा दिवस पायात रुळलेली हवी. सुती मोज्यांचे दोन जोड, मांड्या घासतात तिथं व्हॅसलीन, रक्तदाबाच्या गोळ्या वेळ लिहिलेल्या पुडीत, आणि ओआरएसची पाकिटं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर अपाय होतो. छातीत दुखण्याची तक्रार असेल किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं. हे तुम्ही सांगण्यापेक्षा डॉक्टरांकडून वदवून घेतलेलं बरं.

नवरात्राच्या उपवासाचंही तसंच. मधुमेहाची काही औषधं आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम खाली येते. उपवास करायचाच असेल तर घटस्थापनेच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या, घरात ग्लुकोमीटर ठेवा. साखर ७० च्या खाली गेली किंवा घाम, थरथर सुरू झाली की उपवास तिथंच सोडायचा. तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. "देवी रागावेल" असं आईनं म्हटलं, तर तुम्ही वाद घालू नका. तिच्या विश्वासातल्या एखाद्या वयस्कर बाईला किंवा देवळातल्या पुजाऱ्यांनाच विचारायला सांगा. आजाऱ्याला उपवासाची सक्ती नाही, असंच उत्तर बहुधा मिळतं.

दावा तपासायचा कसा

हे शिकायला सोलापूरइतकं चांगलं उदाहरण दुसरीकडे मिळणार नाही. आपण पर्जन्यछायेत. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापुरातून विमानं उडवून ढगांत बीजन केलं. कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या ढगाच्या पायथ्याशी जाळायच्या. त्या क्षाराचे कण वाफ शोषून मोठे थेंब बनवतात. गंमत अशी की निवडलेल्या २७६ ढगांपैकी सगळ्यांवर फवारणी केलीच नाही. कुठल्या ढगावर करायची आणि कुठला सोडायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं गेलं. मग दोन्ही गटांचा पाऊस मोजला. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले: बीजनाच्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेला असलेल्या शंभर चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. निरभ्र आकाशातून पाऊस पाडता येत नाही, योग्य ढग असले तरच काम होतं, हेही त्यातच आलं.

सगळ्याच ढगांवर फवारलं असतं आणि पाऊस पडला असता, तर श्रेय फवाऱ्याला द्यायचं की ढगाला? सोडून दिलेल्या ढगांमुळे ते कळलं. कुठलाही दावा आला की हेच विचारा: ज्यांनी हे केलं नाही त्यांचं काय झालं? आणि फसलं तेव्हा कुणी मोजलं का? साधा विषाणूचा ताप चार-पाच दिवसांत आपोआप उतरतो, तिसऱ्या दिवशी बांधलेल्या दोऱ्याला त्याचं श्रेय मिळतं. मुलगा होईल की मुलगी हे सांगणारा निम्म्या वेळा बरोबरच येतो. चुकलं तर पैसे परत म्हणाला तरी निम्मे पैसे खिशात राहतात. हाच प्रश्न स्वतःच्या बुद्धिवर्धक गोळ्यांना आणि शेअर बाजाराच्या टिपांनाही लावा. फक्त देवाच्या बाबतीत शंकेखोर असणारा नास्तिक अर्धवट असतो.

हाताशी ठेवावेत असे तीन प्रयोग.

मूर्तीचं दूध. २१ सप्टेंबर १९९५ ला गणपती दूध पितो म्हणून देशभर रांगा लागल्या. चमचा काठोकाठ भरून सोंडेला लावला की पृष्ठताणामुळे दूध मूर्तीकडे ओढलं जातं आणि पातळ थरात खाली उतरतं. पांढऱ्या मूर्तीवर तो थर दिसत नाही. दुधात चिमूटभर कुंकू कालवा, ओघळ स्पष्ट दिसतो. साध्या भाजलेल्या मातीची मूर्ती थोडं दूध शोषूनही घेते, म्हणून प्रयोगाला संगमरवरी किंवा पितळी घ्या. देवघरातली मूर्ती घ्यायची नाही. चिनी मातीचा हत्ती घेतला तरी तोही तितकंच "पितो".

लिंबातून रक्त. लाल जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या सुरीच्या पात्यावर दोन्ही बाजूंनी चोळून वाळू द्या. निळसर जांभळा थर दिसेल, लांबून तोही दिसत नाही. त्या सुरीनं लिंबू कापलं की आम्लामुळे रस लालभडक होतो. पाकळ्या शिळ्या असतील किंवा पातं ओलं असेल तर फिकट गुलाबीच येतो आणि प्रेक्षक हसतात. नारळ आपोआप पेटवण्याचा पोटॅशियम परमँगनेट-ग्लिसरीनचा प्रयोग मात्र घरी करू नका. तो कधी पेटेल हे सांगता येत नाही आणि तोंडावर भडकतो.

ग्रहण. पुठ्ठ्याला एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडा, सूर्याकडे पाठ करून त्यातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर घ्या. भोकापासून कागद एक मीटर लांब धरला तर सूर्याची प्रतिमा साधारण नऊ मिलिमीटरची पडते, दोन मीटरवर अठरा. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो पण कडा पुसट होतात. सरळ पाहायचं तर आयएसओ १२३१२-२ चा शिक्का असलेलाच चष्मा. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, साधा गॉगल चालत नाही. घरात गरोदर वहिनी असेल आणि तिला सूर्यग्रहणाचे दोन-अडीच तास उपाशी, अंधारात बसवणार असतील, तर भाषण देऊ नका. तिच्या प्रसूतितज्ज्ञ डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर विचारा, पाणी आणि खाणं बंद ठेवायचं का. मग तिला हवं ते तिनं करावं.

हे प्रयोग शाळेत, मंडळात, सोसायटीच्या गच्चीवर करा. कुणी पूजेत असताना, कुणाच्या घरी दुःख असताना करायचे नाहीत.

बोलताना

"हे खोटं आहे" ऐवजी "मला पटत नाही" म्हणा. पहिल्यात समोरचा मूर्ख ठरतो, दुसऱ्यात तुमचं मत कळतं. दुसरा उपयोगी प्रश्न: "काका, काय दिसलं तर तुमचं मत बदलेल?" आणि तोच प्रश्न त्यांनी उलटा विचारला तर उत्तर तयार ठेवा. तुमच्याकडे उत्तर नसेल तर तुम्हीही काकांसारखेच झालात.

"आपल्या पूर्वजांकडे विमानं होती" यावर हसू नका, माहिती द्या. वैमानिक शास्त्र या ग्रंथातली विमानं १९७४ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी गणितानं तपासली; ती उडू शकत नाहीत आणि ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही असा त्यांचा निष्कर्ष. पण तिथंच थांबू नका. आर्यभटानं पाचव्या शतकात पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं होतं, हेही लगेच सांगा. अभिमान ठेवायला खरी जागा दिली की माणूस खोटी जागा सोडायला तयार होतो.

जेवताना वाद नको. दुपारी चारनंतर, चहाबरोबर, एकाशी एक. चार माणसांसमोर कुणीही मत बदलत नाही. आणि आई देवासमोर बसली असेल तेव्हा तर अजिबात नको. ती तिची दिवसातली बहुधा एकमेव निवांत पंधरा मिनिटं असतात.

इथं गप्प बसायचं नाही

साप चावला: मांत्रिक नाही, लिंबाचा पाला नाही. माणसाला आडवा करा, चावलेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, अंगठी-कडं-पैंजण काढा. जखम कापू नका, चोखू नका, घट्ट आवळपट्टी बांधू नका. आवळल्यानं अवयव निकामी होऊ शकतो. १०८ ला फोन करा आणि थेट सिव्हिल किंवा प्रतिसर्पविष असलेल्या रुग्णालयात न्या. बिनविषारी साप किंवा विष न सोडलेला दंश यामुळेच मांत्रिकाचं नाव होतं. सोडलेल्या ढगांचं उदाहरण इथं पुन्हा लागू पडतं.

अंगात येणं, करणी, भानामती. ज्या बाईच्या अंगात येतं तिला ढोंगी म्हणणं चूक आहे आणि क्रूरही. कित्येकदा तो तिच्या कोंडमाऱ्याचा एकमेव बोलता मार्ग असतो. झोप उडालीय का, खाणं सुटलंय का, जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलते का, हे बघा. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं. घरच्यांना देवळातही जायचं असेल तर जाऊ द्या, मात्र गोळी चुकता कामा नये. देव की डॉक्टर असा प्रश्न टाकलात तर डॉक्टर हरतात.

मारहाण, साखळीनं बांधणं, चटके, धुरी, भूत काढण्याच्या नावानं पैसे किंवा लैंगिक शोषण दिसलं तर पोलीस. डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ ला झाला, त्यानंतर त्याच वर्षी महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा आला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. साप-विंचू-कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणं हाही त्यात गुन्हा आहे. आणि हे घरच्यांना मुद्दाम सांगा: पूजा, वारी, यात्रा, कीर्तन, भजन, प्रदक्षिणा यांना हा कायदा हात लावत नाही.

दुसऱ्याचा धर्म आणि हातातला मोबाईल

टीका करायचीच तर आधी आपल्या घरातल्या रूढींवर करा. स्वतःच्या घरी गप्प आणि शेजाऱ्याच्या नमाजावर विनोद, हा नास्तिकपणा नव्हे. दर्ग्यात डोक्यावर रुमाल, विहारात चप्पल बाहेर, चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना फोन बंद. रोजा असलेल्या मित्राला "एक घोट घे, कोण बघतंय" म्हणायचं नाही. इफ्तारला बोलावलं तर खजूर घेऊन जा आणि वेळेआधी पोचा.

सोलापुरात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं शेजारी-शेजारी असतात, त्यामुळे व्हॉट्सॲपवरचं चित्र दहा मिनिटांत सगळीकडे फिरतं. देवतेच्या, प्रेषिताच्या, महापुरुषाच्या चित्रावर विनोद करू नका, आलेला पुढे पाठवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. लिहायचंच असेल तर दाव्यावर लिहा: "अमुक अंगठीनं साखर उतरते याचा पुरावा काय?" यात कुणाची देवता येत नाही आणि मुद्दाही निसटत नाही.

कागद, लग्न, शेवट

राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, त्यात न मानणंही आलं. कलम ५१ क (ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सरकारी अर्जात धर्म सांगण्याची सक्ती करता येत नाही, "धर्म नाही" असं सांगता येतं. २०११ च्या जनगणनेत धर्म न सांगितलेले सुमारे २९ लाख लोक आहेत. पण अनुसूचित जातीचा दाखला वापरणाऱ्यांनी घाई करू नये. तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांच्यापुरताच आहे, म्हणून "धर्म नाही" लिहिण्याआधी वकिलाशी बोला.

विधी न करता लग्न करायचं तर १९५४ चा विशेष विवाह कायदा. ज्या जिल्ह्यातल्या विवाह अधिकाऱ्याला लग्नाची नोटीस द्यायची, तिथं दोघांपैकी एकजण नोटिशीच्या आधी निदान ३० दिवस राहिलेला हवा, नोटीस ३० दिवस फलकावर लागते, लग्नाला तीन साक्षीदार लागतात, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर पुन्हा नोटीस. मुहूर्त बघणाऱ्या सासरच्यांना ही तारीख आधीच कळवा. हॉल बुक झाल्यावर नोटिशीचे दिवस भरले नाहीत असं झालं की सगळा राग नास्तिकपणावर निघतो.

आई-वडिलांचे दिवस घालायचे का? आमचं उत्तर: त्यांची इच्छा होती तर घाला. तो त्यांचा शेवट आहे, तुमच्या मतांची परीक्षा तिथं नको. स्वतःसाठी वेगळं हवं असेल तर जिवंतपणी लिहून ठेवा. नेत्रदानासाठी मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीचे लोक यायला हवेत. तोवर पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा, डोक्याखाली उशी घ्यायची. चष्मा किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन आड येत नाही. देहदानाचा अर्ज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात मिळतो, त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. शवविच्छेदन झालेला देह सहसा घेत नाहीत. तुम्ही सही केली तरी त्या दिवशी फोन करणार ते नातेवाईकच, म्हणून साक्षीदारांपैकी एकजण घरातला सगळ्यात भाविक माणूस असू द्या, आणि अर्जाची एक प्रत त्यांच्याच कपाटात ठेवा.